संमतीचा अंगठा : मानवी संशोधनातील नीतीचा प्रश्न

विद्यापीठ आणि आपली वस्ती यांच्यामध्ये दोन रस्ते आहेत. पहिला शिक्षणाचा. तो अरुंद आहे, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीने तो मोकळा करून दिला म्हणून आपल्यापैकी काही जण त्यावरून आत जाऊ शकले. दुसरा रस्ता संशोधनाचा. तो चांगलाच रुळलेला आहे. त्यावरून विद्यापीठातील माणसे वस्तीत येतात, प्रश्न विचारतात, उत्तरे लिहून घेतात, छायाचित्रे काढतात, कधी रक्ताचे नमुनेही घेतात आणि परत जातात. त्यातून प्रबंध होतात, पदव्या मिळतात, बढत्या मिळतात. ज्यांच्या जगण्यावर हे सारे उभे राहते त्यांच्या पदरात काय पडले, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. त्यांची परवानगी घेतली होती काय, हा तर त्याहूनही क्वचित विचारला जातो.

मी ग्रामीण भागातील एका महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवतो. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मीच. प्रश्नावली ज्या घरात येते ते घर माझे, आणि ती ज्या विभागातून निघते तो विभागही माझाच. त्यामुळे संशोधनातील नीतिनियम हा माझ्या दृष्टीने केवळ अभ्यासक्रमातील एक घटक राहत नाही. हे नियम कुठून आले, त्यांचा अर्थ काय आणि आपल्याशी त्यांचा संबंध कोणता, हे येथे मांडावयाचे आहे. कारण ज्यांच्या रक्षणासाठी हे नियम केले गेले, त्यांनाच ते ठाऊक नसतात.

१

माणसाला मोजण्याची विद्या आपल्याला नवी नाही. ब्रिटिश अमदानीत रिस्ले यांच्यासारख्या अधिकाऱ्यांनी जातीजातींची नाके मोजली आणि नाकाच्या मापावरून जातींचा वांशिक दर्जा ठरवू पाहिला. मोजणाऱ्याच्या हुद्द्यापुढे नाही म्हणण्याची सोय मोजल्या जाणाऱ्याला नव्हती. पुढे बाबासाहेबांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यांविषयीच्या आपल्या इंग्रजी ग्रंथात अशाच मापांचे आकडे हाती घेतले आणि त्यांच्याच आधारे ब्राह्मण व अस्पृश्य यांच्यात वंशभेद नाही, असे प्रतिपादन केले. मोजल्या गेलेल्या समाजातील माणूस विद्वान झाला म्हणजे त्याच आकड्यांचा अर्थ कसा पालटतो, याचे हे उत्तम उदाहरण आहे. परंतु मोजताना विचारावयास हवे होते की नाही, हा प्रश्न शिल्लकच राहतो.

त्या प्रश्नाचे एक ठळक लेखी उत्तर जगाला १९४७ साली मिळाले. हिटलरच्या छळछावण्यांत जर्मन डॉक्टरांनी कैद्यांवर जे प्रयोग केले, त्याबद्दल न्यूरेंबर्ग येथे २३ जणांवर खटला चालला. त्याच्या निकालपत्रात दहा कलमांची एक संहिता आली. तिचे पहिलेच कलम असे की, प्रयोगात घेतल्या जाणाऱ्या माणसाची स्वेच्छेने दिलेली संमती अत्यावश्यक आहे. पुढे १९६४ साली जागतिक वैद्यक संघटनेने हेलसिंकी येथे डॉक्टरांसाठी जाहीरनामा स्वीकारला आणि हाच विचार विस्ताराने मांडला.

तथापि नियम लिहिले गेल्याने तो सर्वांना लागू होतो असे नाही. न्यूरेंबर्गचा खटला चालवला अमेरिकन न्यायाधीशांनी. आणि त्याच वेळी अमेरिकेच्याच एका राज्यात, तिथल्या सरकारच्याच आरोग्य खात्याकडून काय चालले होते ते आता पाहू.

२

अमेरिकेतील अलाबामा राज्यात मेकन नावाचा परगणा आहे. तेथे टस्कीगी हे गाव. बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १८८१ पासून जी शिक्षणसंस्था उभी केली ती याच गावची. गुलामीतून सुटलेल्या समाजाने स्वतःच्या श्रमाने उभारलेली शाळा म्हणून तिचे नाव आपल्याकडेही आदराने घेतले जाते.

या परगण्यात १९३२ साली अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने एक अभ्यास सुरू केला. उपदंश, ज्याला आपल्याकडे गरमी म्हणतात, त्या रोगावर उपचार केला नाही तर तो माणसाच्या शरीरात शेवटपर्यंत कसा वाढत जातो, हे पाहावयाचे होते. त्यासाठी सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुष निवडण्यात आले. त्यांपैकी ३९९ जणांना रोग होता आणि २०१ जणांना नव्हता. बहुतेक सारे दुसऱ्याच्या जमिनीत वाट्याने कापूस पिकवणारे, कर्जात बुडालेले, फारसे न शिकलेले. त्यांना रोगाचे नाव सांगितले नाही. तुमचे रक्त बिघडले आहे आणि सरकार तुमच्यावर उपचार करीत आहे, एवढेच सांगितले. पाठीच्या कण्यातून पाणी काढण्याची वेदनादायक तपासणी केली, तीही खास मोफत उपचार म्हणून.

त्या बदल्यात त्यांना काय मिळत असे? तपासणीच्या दिवशी मोफत जेवण, किरकोळ औषधे, आणि मृत्यूनंतर अंत्यविधीचा खर्च. हा खर्च मिळण्यास अट होती की, प्रेत चिरफाडीसाठी डॉक्टरांच्या ताब्यात द्यावे. आपल्या माणसाला नीट मूठमाती मिळावी ही गरिबाची इच्छा किती तीव्र असते, हे दहनभूमीच्या जागेसाठी आजही भांडावे लागणाऱ्या समाजाला समजावून सांगण्याची गरज नाही. संशोधकांनी नेमकी तीच इच्छा हेरली.

१९४० नंतरच्या दशकात पेनिसिलीन आले आणि १९४७ च्या सुमारास ते या रोगावरचे सर्वमान्य औषध ठरले. आता अभ्यास थांबवून सर्वांना औषध देणे एवढेच कर्तव्य उरले होते. ते केले गेले नाही. उलट या माणसांना उपचार मिळू नयेत अशी व्यवस्था करण्यात आली. दुसऱ्या महायुद्धात सैन्यभरतीच्या वेळी तपासणी होऊन उपचार सक्तीचे होत. तेथेही आमच्या यादीतील माणसांना वगळा, असे कळवण्यात आले. अभ्यास चाळीस वर्षे चालला.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेतली पाहिजे. हे सारे गुप्तपणे चालले नव्हते. १९३६ पासून त्यावरचे लेख वैद्यकीय नियतकालिकांत छापून येत होते. शेकडो डॉक्टरांनी ते वाचले असतील. त्यांतील आकडे, तक्ते, निष्कर्ष तपासले गेले असतील. परंतु आकड्यांच्या मागच्या माणसांना औषध का दिले नाही, असे विचारणारे फार थोडे निघाले. पीटर बक्स्टन या आरोग्य खात्यातीलच एका तरुण कर्मचाऱ्याने १९६६ साली आणि पुन्हा १९६८ साली लेखी हरकत घेतली. १९६९ साली तज्ज्ञांची समिती बसली आणि तिने अभ्यास चालू ठेवण्याचा सल्ला दिला. शेवटी त्याने ही हकिकत वृत्तपत्रांकडे नेली. २५ जुलै १९७२ रोजी बातमी फुटली आणि त्याच वर्षी अभ्यास बंद पडला. तोपर्यंत २८ जण थेट या रोगाने आणि सुमारे १०० जण त्यातून उद्भवलेल्या विकारांनी मेले, ४० जणांच्या बायकांना लागण झाली आणि १९ मुले जन्मतः हा रोग घेऊन आली, असे सांगितले जाते.

१९७२ हे साल आपल्या वाचकांना वेगळ्या कारणाने माहीत आहे. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली आणि तिने आपले नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथर चळवळीवरून घेतले. त्याआधी १९४६ साली बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांना पत्र लिहून अस्पृश्यांची व अमेरिकेतील कृष्णवर्णीयांची स्थिती किती सारखी आहे हे नमूद केले होते. आपण त्यांचे काव्य वाचले, त्यांच्या आत्मचरित्रांची भाषांतरे केली, त्यांचा विद्रोह आपला मानला. मात्र विद्यापीठे आणि दवाखाने यांच्याशी त्यांचा जो झगडा झाला, त्यातून निर्माण झालेल्या नियमांकडे आपले पुरेसे लक्ष गेले नाही.

३

टस्कीगीच्या हकिकतीतील एक व्यक्ती मला अस्वस्थ करते. तिचे नाव युनिस रिव्हर्स. ती कृष्णवर्णीय परिचारिका होती. टस्कीगीच्याच संस्थेत शिकून १९२२ साली ती बाहेर पडली. डॉक्टर येत आणि बदलून जात; ती मात्र सुरुवातीपासून टिकून राहिली. लोकांना गाडीत बसवून तपासणीला आणणे, घरोघरी जाऊन विचारपूस करणे, मृत्यूनंतर चिरफाडीसाठी नातेवाइकांची समजूत घालणे, ही सारी कामे तिची. लोकांचा सरकारवर विश्वास होता की नाही कोण जाणे, तिच्यावर होता. ती आपली होती, शिकलेली होती, त्यांच्या भाषेत बोलत होती.

तिला दुष्ट ठरवणे सोपे आहे, पण त्याने काही साधत नाही. त्या काळात एका कृष्णवर्णीय बाईला मिळालेली ती पगाराची नोकरी होती. आपल्या लोकांना निदान तपासणी तरी मिळते, असे तिला वाटत असावे. प्रश्न तिच्या मनाचा नाही, तिच्या जागेचा आहे. बाहेरच्या माणसाला वस्तीत शिरण्यासाठी वस्तीतलाच एक शिकलेला माणूस लागतो. आज आपल्याकडे ती जागा आशा कार्यकर्ती भरते, अंगणवाडी सेविका भरते, समाजकार्य महाविद्यालयातील विद्यार्थी भरतो, आणि माझ्यासारखा प्राध्यापकही भरतो. ‘सर, तुमची तिथे ओळख आहे, पन्नास उत्तरदाते मिळवून द्या,’ असे मला वर्षातून दोनदा तरी सांगितले जाते. वस्तीचा होकार अनेकदा संशोधनाला नसतो; ओळखीच्या माणसाला असतो. म्हणून त्या ओळखीच्या माणसाची जबाबदारी संशोधकाहून कमी नाही.

याच्या उलट एक उदाहरण देतो. अमेरिकेतील ग्रँड कॅनियनच्या दरीत हवासुपाय नावाची एक लहानशी आदिवासी जमात राहते. तिच्यात मधुमेहाचे प्रमाण फार. १९९० नंतर ॲरिझोना राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी मधुमेहाचा अभ्यास करावयाचा म्हणून त्यांचे रक्त घेतले. पुढे त्याच रक्तावर मनोविकाराचे, जवळच्या नात्यातील विवाहांचे आणि ही जमात मुळात कुठून आली याचे संशोधन झाले. शेवटचा विषय त्यांच्या उत्पत्तीविषयीच्या श्रद्धेलाच धक्का देणारा होता. यांपैकी कशाचीही त्यांना कल्पना नव्हती. २००३ साली त्याच विद्यापीठात शिकणारी त्या जमातीतील एक स्त्री एका पीएच. डी.च्या जाहीर मौखिक परीक्षेला जाऊन बसली. तेथे आपल्या लोकांच्या रक्तावरील निष्कर्ष तिने ऐकले, आणि या रक्ताचा असा उपयोग करण्याची परवानगी घेतली होती काय, असा प्रश्न तिने उभे राहून विचारला. पुढे २००४ साली खटला उभा राहिला. २०१० साली तडजोड झाली, विद्यापीठाने ७ लाख डॉलर दिले आणि उरलेले रक्ताचे नमुने परत केले. जमातीच्या लोकांनी ते आपल्या दरीत परत नेले.

शिकलेली एक स्त्री दार उघडून देते, शिकलेली दुसरी स्त्री परीक्षेच्या दालनात प्रश्न विचारते. दोघीही आपापल्या समाजातल्या. आपल्या पहिल्या पिढीच्या पदवीधरांपुढे हे दोन्ही मार्ग आहेत.

४

टस्कीगीचे प्रकरण उघड झाल्यावर अमेरिकेत १९७४ साली संशोधनविषयक कायदा झाला. त्यातून नेमलेल्या आयोगाने १९७९ साली बेलमाँट अहवाल या नावाने ओळखला जाणारा एक छोटा दस्तऐवज दिला. आज जगभरच्या विद्यापीठांतील नीतिनियम बव्हंशी त्याच्या तीन तत्त्वांवर उभे आहेत.

पहिले तत्त्व माणसाच्या आदराचे. माणूस स्वतःचा निर्णय स्वतः घेऊ शकतो असे मानावयाचे आणि ज्याला तसा निर्णय घेणे कठीण आहे त्याला अधिक संरक्षण द्यावयाचे. यातून संमतीचा नियम येतो. खऱ्या संमतीला तीन गोष्टी लागतात : पुरेशी माहिती, ती समजणे, आणि दडपण नसणे. आपल्याकडे यांतील पहिलीच गोष्ट कागदावर उरते. ‘मी सदर संशोधनात स्वेच्छेने सहभागी होत असून मला सर्व बाबींची पूर्ण कल्पना देण्यात आली आहे,’ असे वाक्य छापायचे आणि खाली अंगठा घ्यायचा. माझ्या आईने आयुष्यात अनेक कागदांवर अंगठे दिले. सावकाराच्या, सोसायटीच्या, रेशनच्या. त्या अंगठ्याचा अर्थ ‘मला समजले आणि मी कबूल आहे’ असा क्वचितच होता. ‘साहेब म्हणतात तर देते’ असाच बहुधा होता. संमतीपत्रावरचा अंगठा या इतिहासातून सुटा काढता येत नाही. म्हणूनच निरक्षर माणसाची संमती घेताना संशोधनाशी संबंध नसलेला, वाचता येणारा साक्षीदार समोर असावा असा नियम आहे. आणि संमती दिल्यानंतरही, कोणत्याही क्षणी, कारण न सांगता माघार घेण्याचा हक्क कायम राहतो.

दुसरे तत्त्व हिताचे. इजा करू नये, आणि संभाव्य लाभ अधिकात अधिक व संभाव्य हानी कमीत कमी व्हावी. येथे हानी म्हणजे केवळ शरीराची नव्हे. अब्रू, रोजगार, गावातले संबंध, मनःशांती, या साऱ्यांची हानी त्यात येते.

तिसरे तत्त्व न्यायाचे, आणि आपल्या दृष्टीने तेच सर्वांत महत्त्वाचे. संशोधनाचा भार कोणी सोसायचा आणि त्याचे फळ कोणी घ्यायचे? उपदंश काही केवळ कृष्णवर्णीय गरिबांना होत नव्हता. मग अभ्यासाला तेच का निवडले? हा प्रश्न बेलमाँट अहवालाने टस्कीगीचे उदाहरण देऊनच उपस्थित केला आहे. उत्तर उघड आहे. ते हाताशी होते, ते नाही म्हणू शकत नव्हते, आणि त्यांचे काही झाले तर विचारणारे कोणी नव्हते. अशा कारणासाठी एखाद्या समाजाची निवड करणे हाच अन्याय, मग त्याला वागणूक कितीही गोड दिलेली असो.

५

आपल्या देशात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९८० साली या विषयावर धोरणविषयक निवेदन काढले. सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे २००० साली आली. २००६ आणि २०१७ साली ती सुधारली गेली. २००० सालच्या नावात ‘मानवी विषय’ या अर्थाचा शब्द होता, २००६ च्या नावात ‘मानवी सहभागी’ असा आला. हेलसिंकी जाहीरनाम्यानेही २०२४ च्या दुरुस्तीत हाच बदल केला. शब्द बदलल्याने व्यवहार बदलतोच असे नाही, परंतु ‘अस्पृश्य’ या शब्दापासून ‘दलित’ या शब्दापर्यंत आलेल्या आपल्या समाजाला शब्दांच्या बदलाचे मोल कळते.

या नियमांनुसार प्रत्येक वैद्यकीय संशोधन आधी नीती समितीपुढे जावे लागते. समितीत किमान सात सदस्य, त्यांतले निम्मे तरी त्या संस्थेबाहेरचे, अध्यक्षही बाहेरचा. डॉक्टरांबरोबर कायदा जाणणारा, समाजशास्त्र जाणणारा आणि एक सामान्य नागरिक हवा. नव्या औषधांच्या चाचण्यांसाठी २०१९ च्या नियमांनी या गोष्टींना कायद्याचे बळ दिले.

आणि तरीही काय घडते? २००९ साली आंध्र प्रदेशातील (आता तेलंगणातील) खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा या जिल्ह्यांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धच्या लसीचा एक अभ्यासप्रकल्प झाला. पाथ ही अमेरिकन संस्था, वैद्यकीय संशोधन परिषद आणि राज्य सरकारे त्यात होती. सुमारे २४ हजार मुलींना, वय वर्षे १० ते १४, लस टोचण्यात आली. खम्ममच्या मुलींत आदिवासी आणि वसतिगृहात राहणाऱ्या गरीब मुली पुष्कळ होत्या. काही मुलींच्या मृत्यूच्या बातम्यांनंतर २०१० साली प्रकल्प थांबला. चौकशीत त्या मृत्यूंचा लसीशी संबंध आढळला नाही, आणि ही लस उपयुक्त आहे हेही येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. आपल्या मुलींना ती मिळावी. प्रश्न लसीचा नव्हता, संमतीचा होता. २०१३ साली संसदीय समितीने दिलेल्या अहवालानुसार आंध्रातील ९,५४३ संमतीपत्रांपैकी १,९४८ वर अंगठे होते आणि २,७६३ वर वसतिगृहाच्या वॉर्डनने सह्या केल्या होत्या.

मी स्वतः समाजकल्याण खात्याच्या वसतिगृहात वाढलो. रेक्टरच्या सहीने आम्हाला जेवण मिळे, गणवेश मिळे, सुट्टी मिळे. पण ती सही माझ्या शरीरात सुई टोचण्याची परवानगी होऊ शकते, असे माझ्या आईवडिलांना कोणी सांगितले असते तर त्यांनी काय म्हटले असते? मूल वसतिगृहात ठेवणे म्हणजे त्याचा ताबा सोडणे नव्हे.

मुंबईचे एक उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. १९९८ पासून टाटा स्मारक रुग्णालयाने झोपडपट्ट्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांवर, अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या मदतीने, एक चाचणी केली. निम्म्या स्त्रियांची गर्भाशयमुखाची तपासणी साध्या व स्वस्त पद्धतीने दर दोन वर्षांनी होत होती. उरलेल्या निम्म्यांना तपासणी नव्हती, केवळ आरोग्यशिक्षण होते. तपासलेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. निष्कर्ष मोलाचा आहे; गरीब देशांतील असंख्य स्त्रियांना त्याचा लाभ होऊ शकतो. परंतु तपासणीने जीव वाचतात हे जगाला ठाऊक असताना निम्म्या स्त्रियांना त्याविना ठेवणे योग्य होते काय, असा आक्षेप घेतला गेला. संशोधकांचे म्हणणे असे की, देशात कुणालाच नियमित तपासणी मिळत नव्हती, म्हणून आम्ही कुणाचे काही हिरावले नाही. हे उत्तर नीट ऐकले पाहिजे. गरिबाला काहीच मिळत नाही हीच त्याची नेहमीची स्थिती मानली, की त्याला काही न देणे हे अन्यायाच्या व्याख्येत बसेनासे होते. टस्कीगीतही हेच म्हटले गेले होते : त्यांना तसाही डॉक्टर कुठे मिळणार होता?

६

आता माझ्या क्षेत्राकडे वळतो. समाजशास्त्रात सुई नाही, रक्त नाही. मग इजा कसली, असा एक गैरसमज आहे. माझ्या माहितीतील एका वस्तीवर काही वर्षांपूर्वी एक प्रबंध लिहिला गेला. विद्यापीठाचे नाव सांगण्याचे कारण नाही. गावाचे नाव बदलले होते. मात्र तालुका खरा, नदी खरी, जातवार घरांची संख्या खरी; आणि ‘वस्तीतील विधवा अंगणवाडी सेविकेने सांगितले’ म्हणून गावातील एका वजनदार घराविषयीची माहिती दिलेली. त्या वस्तीत अशी बाई एकच. आता प्रबंध शोधगंगेवर चढतात आणि मोबाइलवर वाचता येतात. गावातल्या एका पदवीधराने ते पान वाचले, दुसऱ्या दिवशी ते गावभर झाले. सेविकेला काढून टाका म्हणून अर्ज गेला. वर्षभर तिने हेलपाटे घातले तेव्हा नोकरी वाचली. संशोधकाला पदवी केव्हाच मिळाली होती.

शहरात नाव बदलले की माणूस लपतो. गावात जात, घर आणि काम सांगितले की नाव सांगण्याची गरजच राहत नाही. परदेशी पुस्तकातला गोपनीयतेचा नियम आपल्या गावात जसाच्या तसा पुरत नाही, तो याच कारणाने.

अत्याचाराच्या प्रकरणांत तर हे अधिक जपावे लागते. ज्या घरातील माणूस मारला गेला, त्या घरातील बाईला पोलीस विचारतात, पत्रकार विचारतात, सत्यशोधन समित्या विचारतात, मागाहून आम्ही संशोधक विचारतो. प्रत्येक वेळी ती तोच दिवस पुन्हा जगते. खटला चालू असेल तर तिच्या मुलाखतीतील एखादे वाक्य आरोपीच्या वकिलाच्या हाती पडू शकते. हे तिला आधी सांगणे, नको म्हणाली तर उठून येणे, आणि दिवसा मुलाखत घेऊन तिची मजुरी बुडवली असेल तर भरून देणे, हा उपचार नव्हे, कर्तव्य आहे.

सामाजिक संशोधनासाठी नियमच नाहीत असे नाही. आरोग्यविषयक सामाजिक संशोधनाची नीतितत्त्वे मुंबईच्या सेहत या संस्थेच्या पुढाकाराने २००० सालीच तयार झाली. परंतु आमच्या विद्यापीठांत त्यांचा अंमल किती? विद्यापीठ अनुदान आयोगाने वाङ्‌मयचौर्याविरुद्ध २०१८ साली नियम केले, पीएच. डी.च्या विद्यार्थ्यांसाठी संशोधन व प्रकाशन नीतीचा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम सक्तीचा झाला. ही चांगली गोष्ट आहे. आता प्रबंध यंत्रातून काढतात आणि साम्य १० टक्क्यांच्या वर गेले तर विद्यार्थ्याला घाम फुटतो. दुसऱ्या विद्वानाचे वाक्य न विचारता घेतले तर चोरी पकडली जाते. शंभर निरक्षर माणसांचे आयुष्य न विचारता घेतले, तर ते पकडणारे यंत्र नाही आणि मी बसलेल्या मौखिक परीक्षांत तसा प्रश्नही मी अजून ऐकलेला नाही.

७

यावर एक आक्षेप माझे काही सहकारी घेतात. इतके नियम लावले तर दलितांवर संशोधनच होणार नाही, आणि मग तुमच्याच मागण्यांना आकडे कुठून मिळणार? आक्षेपात तथ्य आहे. आपल्याला संशोधन हवेच आहे. १९२८ साली मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीवर बाबासाहेब सदस्य होते. अस्पृश्य व आदिवासी यांच्या स्थितीची पाहणी करून तिने १९३० साली अहवाल दिला. माहिती गोळा केल्याशिवाय हक्क मागता येत नाही, हे त्यांच्याइतके कोणी जाणले नव्हते. नीतीचे नियम पाळणारा संशोधक उलट अधिक खरी माहिती मिळवतो. ज्याच्यावर विश्वास नाही त्याला वस्ती ‘हो साहेब, सगळे बरे आहे’ एवढेच सांगते, आणि तेवढ्यावर प्रबंध उभा राहतो.

दक्षिण आफ्रिकेतील सान लोकांनी २०१७ साली स्वतःचीच संशोधननीती लिहून काढली. पिढ्यान् पिढ्या संशोधकांनी अभ्यासलेली ही जमात. तिने आदर, प्रामाणिकपणा, न्याय आणि आस्था ही मूल्ये मांडून, आमच्याकडे येणाऱ्याने ती पाळावीत असे जाहीर केले. म्हणजे नियम करणारेही आता तेच. आपल्या संघटनांनी, बुद्धविहारांच्या मंडळांनी, विद्यार्थी संघटनांनी असा विचार करावयास हरकत नाही.

तोपर्यंत वस्तीत वही घेऊन येणाऱ्या कोणालाही पाच प्रश्न विचारता येतील. तुम्ही कोण आणि तुम्हाला कोणी पाठवले? माझ्याकडून घेतलेली माहिती किंवा रक्त पुढे कुठे कुठे जाणार? माझी ओळख पटणार नाही याची व्यवस्था काय? मी नाही म्हणालो तर माझे रेशन, दवाखाना, शिष्यवृत्ती यांना धक्का लागेल काय? आणि तुम्हाला जे कळेल ते आम्हाला कधी सांगणार? पाचव्या प्रश्नापाशी बहुतेक संशोधक अडखळतात.

आमच्या विभागात गेली तीन वर्षे आम्ही काही गोष्टी पाळतो. संमतीपत्र विद्यार्थ्याने आधी आपल्या घरातील सर्वांत कमी शिकलेल्या माणसाला वाचून दाखवायचे. त्याला समजले नाही तर पुन्हा लिहायचे. ज्या वर्गाला आपण गुण देतो त्या वर्गात आपली प्रश्नावली वाटायची नाही. जात विचारायची तर का विचारतो ते सांगायचे. गावाची ओळख पटणारे तपशील मार्गदर्शकाने स्वतः तपासायचे. आणि काम पूर्ण झाल्यावर ते वस्तीत जाऊन वाचून दाखवायचे. मागील वर्षी असे वाचन चालू असताना एका म्हाताऱ्या बाईने विद्यार्थ्याला मध्येच थांबवले. ‘हे मी असं न्हवतं बोलले,’ ती म्हणाली. विद्यार्थ्याने ते वाक्य खोडले आणि ती सांगेल तसे पुन्हा लिहून घेतले.